'वहिनी, पुढला भाग कवय येई?'

आक्का,
मी अमळनेर तालुक्यातली. वय ३४. दिवसा एका कृषी सेवा केंद्रात बिलं आणि उधारीची वही सांभाळते. रात्री घर झोपलं की मोबाइलवर गोष्ट लिहिते, टोपणनावाने. एका वाचन-अॅपवर माझी प्रणयकथेची मालिका सुरू आहे. तीन भाग झाले, चौथा चालू आहे. गोष्ट बोल्ड आहे, दोघांमधलं सगळं लिहिते. लिहिताना मला लाज वाटत नाही, उलट तेवढाच तास माझा असतो. लाज वाटते सकाळी सासूबाईंच्या हातात चहा देताना.
माझ्या अडचणी अशा. एक, शब्दच सापडत नाहीत. जे लिहिते ते पोथीतलं तरी वाटतं, नाहीतर शिवीसारखं. दोन, वाचक म्हणतात अजून हवं, आणि अॅपची माणसंही म्हणतात की प्रत्येक भागात 'तसा' सीन असलाच पाहिजे. तीन, एका कंपनीने मालिका ऐकण्याच्या रूपात करायला मागितली आहे. २५ हजार एकरकमी, हक्क कायमचे त्यांचे. चार, आणि हेच सगळ्यात मोठं. माझी नणंद चोपड्याला दिलेली आहे. श्रावणात कानबाईच्या सणाला आली होती. गोष्टीत अंगणातला शेवगा आणि विहिरीवरची फुटकी पायरी वाचून तिने मला ओळखलं. जागरणाच्या रात्री रोटाच्या ताटाशी बसलो असताना हळूच म्हणाली, 'वहिनी, पुढला भाग कवय येई?' मी काहीच बोलले नाही. तेव्हापासून झोप नाही. घरच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, एवढंच माहीत आहे की मी 'कथा' लिहिते. बंद करू का सगळं?
— शेवग्याखालची

शेवग्याखालच्या बहिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नणंदेच्या त्या वाक्यापाशी अडकले. तिच्याकडे शेवटी येते. आधी तुझ्या लिखाणाचं बोलू, कारण तुझा प्रश्न तिथून सुरू होतो.

मी सात भागांची शृंगारिक मालिका लिहिली आहे, तीही टोपणनावाने. माहेर पारोळ्याचं, सासर रावेरकडचं. वयाच्या ४६ व्या वर्षी लिहायला घेतली आणि शेवटचा भाग झाला तेव्हा ५३ लागलं होतं. माझी नायिका डबे करून देणारी विधवा, नायक केळीच्या कापणीच्या टोळीतला मुकादम. त्यामुळे तुला जे सांगते आहे ते हाताला चटके बसून शिकलेलं आहे.

लाजेचं तू स्वतःच लिहिलं आहेस, फक्त तुझ्या ते लक्षात आलेलं नाही. लिहिताना वाटत नाही, चहा देताना वाटते. म्हणजे लाज लिखाणाची नाही, सापडण्याची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धर. सापडण्याच्या भीतीवर व्यवहाराचे उपाय असतात, ते खाली सांगते. लिखाणाचीच लाज असती तर मी तुला थांब म्हटलं असतं, कारण लाजत लिहिलेला शृंगार वाचणाऱ्यालाही ओशाळवाणं करून सोडतो.

आणि तू काहीतरी परकं करते आहेस असं मनात आणू नकोस. सातवाहन राजा हालाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. त्यातली एक गाथा मला फार जवळची. कपाशीच्या शेताच्या पहिल्या नांगरटीचा मुहूर्त आहे, बाई नांगराची पूजा करते आहे आणि तिचा हात थरथरतो आहे. का, तर कपाशी वाढली की त्याच शेतात कुणाला तरी भेटायला आडोसा होणार, हे तिच्या मनात येऊन गेलं. कपाशीचं शेत, आपलंच! आणि त्या दोन ओळींत अंगाचं नाव नाही, पलंग नाही, थरथरणारा एक हात आहे. मालिका लिहिताना ही गाथा मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवली होती.

पुढे पेशवाईत शाहिरांनी लावण्या लिहिल्या. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ. बाईच्या तोंडी इच्छा घातली, पण लेखणी पुरुषाची. आता बाई स्वतः लिहिते आहे, रात्री साडेअकराला, मोबाइलचा उजेड पदराआड धरून. याचं मोल मला मोठं वाटतं.

आता शब्द. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा पहिला प्रसंग याच पायी अकरा रात्री अडला होता.

पहिल्या खर्ड्यात मी 'उरोज', 'आलिंगन', 'मीलन' असं सगळं लिहिलं. मग स्वयंपाकघरात दार लोटून ते मोठ्याने वाचलं. माझी नायिका पहाटे चारला उठून कळण्याच्या भाकरी थापणारी. तिच्या अंगाला हे शब्द चिकटेनात, उसना शालू नेसवल्यासारखे दिसायला लागले. मग दुसऱ्या टोकाला गेले आणि रस्त्यावर ऐकू येणारे शब्द घातले. ते त्याहून वाईट. आपल्याकडे शरीराचे ते शब्द शिव्यांनी वापरून वापरून नासवले आहेत. शिवी कानावर पडली की अंग आक्रसतं, आणि आपल्याला तर वाचणाऱ्याचं अंग सैल व्हायला हवं असतं.

वाट सापडली ती क्रियापदांत. मराठीत नामं तोकडी आहेत, पण स्पर्शाची क्रियापदं बघ किती आहेत. रेलणं, बिलगणं, सरकणं, चाचपणं, कुरवाळणं, चुरगळणं, ओढून घेणं, सोडवून घेणं, शहारणं, हुळहुळणं, विसावणं. यातल्या प्रत्येकाची चाल वेगळी, वेग वेगळा. 'बिलगली' आणि 'रेलली' यांत अख्ख्या नात्याचा फरक आहे. बिलगणारीला भीती किंवा ओढ असते, रेलणारीला भरवसा असतो. प्रसंग लिहून झाला की एकदा नुसती क्रियापदं खालोखाल काढून बघ. त्यांतून गोष्ट कळली, तर प्रसंग जमला.

नामं घ्यायची तर रोजच्या बोलण्यातली घे. मान, मनगट, पाठ, कंबर, पोटरी, टाच, कानाची पाळी, केसांखालचा घाम. हे शब्द सासूबाईंसमोरही उच्चारता येतात आणि नेमक्या जागी ठेवले की विस्तवासारखे लागतात. टाचेच्या भेगेत मेण भरून देणारा नायक मी दुसऱ्या भागात लिहिला, तर आजवर सगळ्यात जास्त वाचकांनी तोच प्रसंग मला परत सांगितला आहे.

तिसरं म्हणजे वस्तू. एकत्र कुटुंबात शृंगार वस्तूंमधून चालतो, हे तुला कुणी सांगायला नको. आवाज होऊ नये म्हणून बांगड्या काढून उशीखाली ठेवणं. पत्र्याच्या खोलीत कडी कुरकुरते म्हणून तिला खोबरेल लावून ठेवणं, आणि ते कुणी लावलं हे दोघांनाच माहीत असणं. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं, एका ओळीत दहा गाद्या, आणि दोघांच्या मध्ये झोपलेलं जावेचं पोर. शेतीची लाईट रात्रीची असली की तो पाणी भरायला मळ्यात जातो आणि ती डबा न्यायच्या निमित्ताने मागून निघते. मोटारीचा आवाज चालू आहे तोवर कुणाला काही ऐकू जाणार नाही. हे सगळं तुझ्या अंगणात पडलेलं आहे आणि तू समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल लिहीत बसलीस तर मला वाईट वाटेल. (तिसऱ्या भागात तू तसं केलं असशील असा मला संशय आहे. सगळ्यांकडून होतं.)

केळीचा चीक कपड्यावर पडला की वाळून काळपट डाग होतो आणि काही केल्या जात नाही. माझा मुकादम कापणीवरून आला, चीक अजून ओला होता, आणि सकाळी तिच्या फिक्या लुगड्यावर खांद्यापाशी पाच बोटं उठली. सासूने धुणं वाळत घालताना ती पाहिली. रात्री काय झालं ते मी अर्धं पान लिहिलं आणि त्या डागावर सहा पानं. वाचकांना ती सहा पानं जास्त तापलेली वाटली.

आणि बोली. तुझ्या गोष्टीतले दोघे आपसात काय बोलतात? पत्रावरून वाटतं, प्रमाण मराठीच. एकदा करून बघ. दुकानात, बँकेत, पाहुण्यांसमोर ते प्रमाण बोलतील आणि दार लागलं की अहिराणीत येतील. 'तुनाबिगर माले करमत नही' हे वाक्य 'तुझ्याशिवाय मला करमत नाही' यापेक्षा चार बोटं जवळचं आहे. त्याने पहिल्यांदा चारचौघांत चुकून तिला अहिराणीत हाक मारली, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. वाचकांना कळणार नाही ही भीती सोड. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात, १९५२ साली छापून आली, लेवा बोलीतली, आणि मुंबई-पुण्याच्या वाचकांनी ती उराशी धरली. शाळेत ज्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हाकललं, तिच्यात माया बोलते तशी इच्छाही बोलते.

आता 'अजून हवं' म्हणणाऱ्यांकडे येते.

मालिकेचा स्वभावच असा की तिसऱ्या भागानंतर शृंगार शिळा होतो. पहिल्यांदा हात धरला तेव्हा वाचक जागा राहिला, आता दोघं रोज एका खोलीत आहेत. मग लिहिणारी बाई जागा बदलते, कपडे बदलते, प्रसंग लांबवते. मीही केलं. उपाय तो नव्हे. मी एक कसोटी लावायला लागले, ती तुला देते. प्रसंग काढून टाक आणि पुढचं प्रकरण वाच. पुढचं प्रकरण तसंच्या तसं उभं राहिलं, तर प्रसंग फुकट होता. शृंगाराच्या प्रसंगानंतर काहीतरी बदललेलं असलं पाहिजे. कुणी कबुली दिली, कुणी खोटं पकडलं, कुणाचा रुसवा गेला, कुणाला पहिल्यांदा कळलं की आपण एकटेच ओढलेले होतो. चौथ्या भागात दोघांच्या अंगाचं काहीच झाकलेलं उरलेलं नाही, तर मनातलं काय झाकलेलं आहे ते शोध. कर्ज असेल, आधीची ठरून मोडलेली सोयरीक असेल, मूल नको असं तिला वाटत असेल. तिथून आच येते.

एक वहीही ठेव. कोणाला काय माहीत आहे, तीळ उजव्या खांद्यावर की डाव्या, आजी कोणत्या भागात वारली. माझ्या पाचव्या भागात नायकाच्या हातावरची विळ्याची खूण डावीकडून उजवीकडे गेली आणि पत्रांचा पाऊस पडला. वाचक आपल्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

पण एक चूक माझ्याकडून यापेक्षा फार मोठी झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चौथ्या भागाच्या वेळी माझ्यावरही असाच दबाव होता. मी एक प्रसंग लिहिला, त्यात ती नको म्हणते, तो ऐकत नाही, आणि थोड्या वेळाने तिलाही ते आवडतं. भाग जोरात वाचला गेला. मग शहाद्याकडच्या एका बाईचं पत्र आलं, चारच ओळींचं. तिने लिहिलं होतं की माझ्याकडे रोज असंच होतं, याला प्रेम म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, तुमच्या गोष्टीत वाचलं. ते पत्र हातात घेऊन मी ओट्यावर किती वेळ बसले होते मला आठवत नाही. पुढच्या आवृत्तीत मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. तो विचारतो. ती नको म्हणते. तो उठून पाणी पितो, परत येतो, दोघं दुसऱ्याच विषयावर बोलत पडतात. दोन प्रकरणांनंतर ती स्वतः विचारते. आणि खरं सांगते, आधीच्यापेक्षा हे जास्त पेटलं, कारण आता वाचणारीला कळत होतं की ही बाई स्वतःच्या पायांनी चालत आली आहे.

म्हणून विचारणं लिही. अहिराणीत, लाजत, डोळ्यांनी, कसंही लिही, पण लिही. जमलं तर निरोध आणि तांबीही गोष्टीत येऊ दे. माझ्या नायिकेने आरोग्य केंद्रात जाऊन तांबीबद्दल विचारलं, तर त्या प्रकरणानंतर बायकांनी मला वैद्यकीय प्रश्न पाठवले, जे त्यांनी घरात कुणालाच विचारले नव्हते. मी प्रत्येकीला डॉक्टरकडे जा म्हणून लिहिलं, पण तुझ्या हातात केवढी जागा आहे ते त्यावरून ओळख.

प्रत्येक भागात 'तसा' सीन हवाच, असं सांगणाऱ्यांना सरळ लिहून कळव की प्रसंग गोष्टीला हवा तिथे येईल. कडी कुठे लावायची हे लेखिकेने ठरवायचं. सहाव्या भागात मी एकही प्रसंग उघडा लिहिला नाही. तो तुरुंगात होता, ती भेटीला जायची, मध्ये जाळी. दोन बोटं जाळीतून आत जात होती, तेवढंच. वाचक गेले का? काही गेले. राहिले ते सातव्या भागापर्यंत राहिले.

कायद्याचं थोडक्यात. अश्लील मजकुराचं पूर्वीचं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. तू मोबाइलवर प्रसिद्ध करतेस म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ सुद्धा लागू शकतात. ६७ खाली पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, ६७अ खाली ५ वर्षं आणि १० लाख. वाङ्मय आणि कला यांच्यासाठी कायद्यात अपवाद ठेवलेला आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. आपल्याच भाषेतलं उदाहरण आहे. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. २०१४ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की सुटा तुकडा उचलून चालणार नाही, संपूर्ण संदर्भ आणि त्या काळच्या समाजाची धारणा बघावी लागते. म्हणजे गोष्टीत गुंफलेला प्रसंग तुला लिखाण म्हणून तारतो आणि कायद्यापुढेही तोच तुझी बाजू बनतो. एका बाबतीत मात्र कसलीही सूट घेऊ नकोस. शृंगारातलं प्रत्येक पात्र १८ च्या बरंच पुढचं असू दे आणि ते गोष्टीत स्पष्ट दिसू दे. शाळेतल्या प्रेमाची आठवण लिहायची तर हात धरण्यापाशी थांब.

आता ते २५ हजार. सही करू नकोस, निदान आहे त्या कागदावर तरी नको. माझे पहिले दोन भाग मी एका प्रकाशकाला असेच देऊन टाकले. तेव्हा घरात छपराचं काम काढलं होतं आणि रक्कम मोठी वाटली. आज त्या दोन भागांवर माझा शब्द चालत नाही, मालिका एकत्र छापायची म्हटलं तरी पहिले दोन भाग दुसऱ्याच्या दारात.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बरंच काही बोलतो, फक्त ते वाचावं लागतं. तू लिहिलंस त्या क्षणी हक्क तुझा झाला, नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतात, आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदला, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क त्यांनी वर्षभर वापरलाच नाही तर तो परत तुझ्याकडे येतो, मात्र करारात वेगळं लिहिलेलं असेल तर नाही. आणि ते नेमकं हेच वेगळं लिहून आणतात, 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'सर्व माध्यमे' असे शब्द घालून. त्या तीन ठिकाणी पेन ठेव. 'फक्त ऐकण्याचं रूप, फक्त मराठी, ३ किंवा ५ वर्षं, एकरकमी पैशांवर शिवाय कमाईतला वाटा' असं उलट लिहून पाठव. चौथ्या भागानंतरचे भाग आणि पात्रं तुझ्याकडेच राहतील, हेही घाल. नाही म्हणाले तर नाही. जळगाव किंवा धुळ्यात एखाद्या वकिलाला कागद दाखवायला जे लागतील ते पैसे दे.

टोपणनावानेही हक्क शाबूत राहतो. अशा लिखाणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, आणि मधे खरं नाव जाहीर केलंस तर तुझ्या हयातीनंतर ६० वर्षं. पण करारावर, पॅनवर आणि बँकेत खरंच नाव लागतं, तेव्हा 'कुणालाच कळू नये' हे पैशांच्या बाबतीत अशक्य आहे. पहिली रक्कम जमा झाली की मेसेज कोणाच्या मोबाइलवर जातो? जोडखातं असेल तर मालकांच्या. हे आजच बघून घे.

म्हणजे मालकांना सांगायचं आहेच, आणि ते बँकेच्या मेसेजने सांगण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. कसं सांगशील ते तू जाणतेस, माणूस तुझा आहे. मी माझ्या घरी पूर्ण भाग वाचायला दिला नव्हता. टाचेच्या मेणाचा प्रसंग दिला. यांनी वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, 'हे माझं आहे का?' मी म्हटलं, थोडं. तेवढ्याने घरातला प्रश्न सुटला असं नाही. दीड वर्षं अधूनमधून अबोला होता, मुलाच्या लग्नाच्या वेळी 'हे आता बंद' असंही झालं. पण लपवण्याचं ओझं गेलं होतं. तुझ्या घरी मारझोडीची, हाकलून देण्याची भीती असेल, तर मात्र हा सल्ला मोड. आधी स्वतःचं वेगळं खातं, मोबाइलला स्वतःचं कुलूप, आणि विश्वासाचं एक माणूस, मग बाकीचं. पत्रात तू तसं काही लिहिलेलं नाहीस, पण बायका लिहीत नाहीत म्हणून विचारते.

अंगणातला शेवगा आणि फुटकी पायरी मात्र काढून टाक. अॅपवर जुनी प्रकरणं दुरुस्त करता येत असतील तर आजच रात्री कर. शेवग्याची चिंच कर, विहिरीची बारव कर. गावाची खूण राहू दे, घराची नको. गावात दुसऱ्या कुणाचं लफडं, कुणाची मोडलेली सोयरीक जशीच्या तशी उचलली असशील तर तीही बदल. त्या बाईने तुला परवानगी दिलेली नाही.

आता नणंद.

तू ते वाक्य धमकी म्हणून ऐकलंस. मी पुन्हा वाचते. कानबाईची रात्र, घरभर बायका, तिला ओरडून सांगता आलं असतं. आईच्या कानात घालता आलं असतं, भावाला दाखवता आलं असतं. तिने हळूच, तुझ्या एकटीच्या कानाशी विचारलं, की पुढचा भाग कधी येईल. शेवगा ओळखायचा तर पहिला भाग वाचावा लागतो, आणि पुढचा मागायचा तर तिन्ही वाचावे लागतात. बहिणी, मला वाटतं ती तुझी वाचक आहे. चोपड्याला सासरी, रात्री मोबाइलचा उजेड पदराआड धरून.

माझं चुकतही असेल. तिच्या मनात काही वेगळं असेल तर तेही समोरासमोर कळलेलं बरं, गप्प राहून तू तिच्या हातात नसलेलं हत्यार देते आहेस. तोवर चौथा भाग थांबवू नकोस.

दिवाळीला ती येईलच. घर झोपलं की दोघी गच्चीवर जा, निमित्त पणत्यांचं काढ. माफी मागू नकोस, 'कुणाला सांगू नका' अशी विनवणीही आधी करू नकोस. तिच्या शेजारी बस आणि आपल्या बोलीत विचार, 'तुले कोनता भाग आवडना वं?' मग ती बोलेपर्यंत थांब.

काय म्हणाली ते मला कळव.

— आक्का